सासूबाईंची कोरणी

त्या दुपारी मी माळ्यावर गेले ती फक्त कागद आणायला. हसू नका, खरंच एवढंच काम होतं.

आमच्या फ्रान्समधल्या सँत-एतिएन गावात पोलाद कोरणाऱ्यांची एक रीत आहे. बंदुकीच्या घोड्याखालची पट्टी कोरून झाली की तिच्यावर काजळी चोपडायची, हलक्या हाताने पुसायची आणि ओला पातळ कागद दाबून ठसा घ्यायचा. बंदूक जाते शिकाऱ्याकडे, ठसा राहतो घरी.

माझ्या लग्नाला तेव्हा तीन महिने झाले होते. माझे वडीलही कोरणारेच, त्यांच्या शेजारी बसून मी हे काम शिकले. मला बघायला आले तेव्हा बार्तेलमी पेरार, म्हणजे माझे सासरे, यांनी चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि बोटांकडे तीनदा. मला वाटलं, अंगठीचं माप घेताहेत.

आठव्या दिवशी त्यांनी माझ्या हाती कोरणी दिली. "जरा हात लावून बघ, सूनबाई." जरा हात म्हणजे एका सरदाराच्या दुनळीची अख्खी पट्टी! ओकचं झाड, मध्ये हरीण, त्याच्यामागे पाच कुत्रे. दोन महिने मी खिडकीशी बसून ते रान कोरलं. कोरणाऱ्याच्या नावासाठी खाली बोटभर जागा सोडली. तिथे कोणाचं नाव येणार, हे विचारायचा धीर मात्र झाला नाही.

माळ्यावर कागदाखाली ठशांची जाड वही सापडली. वीस वर्षांचे ठसे. प्रत्येकाखाली पेरार हे नाव, जाड, ओबडधोबड. वरचं काम मात्र दुसऱ्याच कोणाचं. आमच्या धंद्यात हात ओळखू येतो, अक्षर ओळखू येतं तसा. शिवाय कोरणीची मूठ ज्याच्या त्याच्या तळव्याप्रमाणे तासलेली असते. मला दिलेली मूठ चपखल बसली होती, आणि सासऱ्यांचा पंजा तर फावड्याएवढा.

मी वही घेऊन खाली आले. नवरा, क्लोदियूस, बंदुकीच्या दस्त्याचं लाकूड घासत होता.

"हे काम कोणाचं?"

त्याने मान वर केली नाही. "आईला आवड होती."

"आवड? वीस वर्षं?"

शेजारी खुर्चीत बसलेले सासरे हसले. "बाईच्या नावाची बंदूक कोण खांद्याला लावेल गं? रानडुक्कर हसून मरेल."

"मग काडतूस तरी वाचेल," मी म्हणाले.

त्यांनी खिडकीशी ठेवलेली माझी पट्टी ओढली, आपली जाड कोरणी घेतली आणि त्या बोटभर जागेत स्वतःचं नाव खणलं. काजळी चोपडली. ठसा घेतला.

झाड उमटलं. हरीण उमटलं. नावाची जागा पांढरी.

ते पुटपुटले, अक्षरं आणखी खोल केली. मी नख फिरवून पाहिलं, अक्षरं होती, नख अडकत होतं. दुसरा ठसाही पांढराच.

तिसऱ्या ठशात हरीण नव्हतं. पाचही कुत्र्यांनी माना वळवल्या होत्या... कागदाबाहेर, सासऱ्यांच्या खुर्चीकडे. पोलादावर ते होते तसेच धावत होते.

तेवढ्यात आवाज सुरू झाला. किर्र... किर्र... पोलादात कोरणी सरकते तसा. जळक्या काजळीचा वास नाकात भरला.

"थांबव ते!" सासरे ओरडले.

"बाबा, मी काही करत नाहीये..."

माझी कोरणी माझ्या मुठीत होती, स्थिर. सासऱ्यांनी आपला उजवा हात छातीशी आवळून धरला.

"फिलोमेन..." ते म्हणाले.

त्या घरात सासूबाईंचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांना वारून तीन वर्षं झाली होती, आणि ते नाव कोणी उच्चारतही नव्हतं. भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण रागाच्या खाली कुठेतरी.

मी कुरुंदाचा दगड घेतला आणि सासऱ्यांचं नाव घासून काढलं. कोणी अडवलं नाही. तिथे माझं नाव कोरलं, 'झेली'. आडनाव त्यांचं त्यांना ठेवून दिलं. ठसा लख्ख आला. हरीणही आपल्या जागी होतं.

बंदूक गेली. सरदाराने नावाबद्दल चकार शब्द काढला नाही.

सासरे मात्र तेव्हापासून जेवतानाही हातमोजे काढत नाहीत. परवा पाव घेताना बाही सरकली. मनगटावर बारीक, समांतर रेघा होत्या. रक्त नाही, खपली नाही. पोलादात कापावी तशी स्वच्छ नक्षी, वर बाहीत गेलेली.

"लागलंय का, बाबा?" मी विचारलं.

"मांजर," ते म्हणाले. आमच्याकडे मांजर नाही.

आज सकाळी त्यांच्या कॉलरच्या वर ओकचं पहिलं पान आलंय. अगदी मागे, मानेवर, त्यांना आरशात दिसणार नाही अशा जागी. काम फार सुबक आहे. मी कोबीचं सूप वाढलं.