कुंकवानं बुजलेली भोकं

पटत नसंल तर होटगीला या. माझा उजवा हात बघा. मग ठरवा, खरं का खोटं.

मी जोतिराम. होटगीच्या पल्याड माळावर ग्लायडर उडवत्यात. बिनइंजनाचं विमान. मी लांबच्या टोकाला विंचवर बसतो. मशिन तार गुंडाळती, विमान पतंगावानी वर जातं.

विमानात एक यंत्र असतंय. वर चढताना टिक-टिक. खाली येताना लांब ऊंऽऽऽ. अन् पंखावरचे ब्रेक लॉक न करता निघालं तर...

पीं-पीं-पीं.

"काका, बायकोचं ऐकत न्हाय, पण ह्याचं ऐकतो," प्रदीप हसायचा. आमचा पायलट.

दोन वर्षांमागची खंडेनवमी. मी समद्या मशिनींची पूजा केली. यंत्रालाबी करंगळीशेजारच्या बोटानं ओलं कुंकू लावलं. नेमकं आवाजाच्या भोकांवर. चांगलं दाबून.

उन्हात ते वाळून दगड झालं.

दुपारी प्रदीप निघाला. मी तार ओढली. वर जाताच दोन्ही ब्रेक उघडले... विमान कलंडलं.

धाडकन.

पळत गेलो. काच गळ्यात घुसलेली. जबडा छातीवर लोंबत व्हता. गरम रगत माझ्या पायावर आलं.

अन् यंत्र वाजतच व्हतं... लई बारीक. तोंड दाबलेला माणूस वरडतो तसं.

मी सदऱ्यानं भोकं पुसली. कुणाला बोललो न्हाय.

पायलटचीच चूक, असं ठरलं.

फुडच्या खंडेनवमीला प्रदीपची भन तेजश्री उडायला आली. दुसरं विमान, नवं यंत्र. मी पूजा केलीच न्हाय.

"काका, दादाला ओढायचा तसं मला ओढा की!"

"तसं म्हणू नगं, पोरी."

मी विंचवर बसलो. लांब तिच्या विमानापाशी निघायचा झेंडा हालला. लिव्हरला हात घातला अन्... कानापाशी...

पीं-पीं-पीं.

विमान किलोमीटरभर लांब. हितं आवाज येणंच शक्य न्हाय.

भास असंल, म्हनलं. लिव्हर ओढला.

तार ताणली, विमान हालायच्या आत तटकन तुटली. सापावानी उसळून विंचच्या जाळीतनं आत आली.

बोट मुळापासनं गेलं. एकच. करंगळीशेजारचं.

तेजश्री पळत आली. ओढणीनं हात आवळला. तोंड पांढरंफटक.

"काका, माझे ब्रेक उघडेच होते! तार तुटली म्हणून वाचले... यंत्र वाजलंच नाही हो!"

जाऊन बघितलं. भोकं कुंकवानं बुजलेली.

कुंकू ओलं व्हतं.

बोट लई हुडकलं. घावलं न्हाय.

तेजश्री मला देवमाणूस म्हणती. खरं काय ते अजून तिला सांगितलं न्हाय.

परवा परत खंडेनवमी. ती उडणार हाय. तार मीच ओढावी म्हणती.

अन् सकाळधरनं, जे बोटच न्हाय... त्याचं टोक ओलं लागतंय.