येळवशीच्या रातीची शेगडी

ये बालाजी, तो मोबाईल उलटा ठेव आणि दाराकडं पाठ करून बसू नको. रेणापूरचा रामकिशन तुम्ही पाहिलाय. एसटीत कंडक्टर होता, खोटं बोलायचाही ज्याला कंटाळा असा माणूस. गेल्या सालच्या येळवशीला, अमावस्येच्या त्या शुक्रवारी रात्री, त्याच्या घरात हे घडलं.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या, त्या दिवशी सगळं गाव शेतात. रामकिशन मात्र घरी होता, कारण लेक पुनम बाळंतपणाला आलेली. पोटाचे टाके ओले, कुशीत अजून नाव न ठेवलेलं लेकरू. माहेर म्हणायचं, पण आई नव्हती. रामकिशनची बायको केवळाबाई आषाढातच गेली, नातवाचं तोंड न बघता. शेजारच्या धुरपताबाई रोज येऊन बाळ-बाळंतिणीला उदाची धुरी द्यायच्या, त्याही शेतावर मुक्कामाला गेल्या. जाताना म्हणाल्या, आजच्या दिवस तुम्हीच द्या, केवळाबाई द्यायची तशी.

तर संध्याकाळी रामकिशन ऊद-कोळसा आणायला निघाला. ऊद मिळाला, कोळसा मिळेना. दुकानं बंद. शेवटी एका इस्त्रीवाल्यानं पिशवीभर दिला. दिवसभर दुपटी धुतलेली, भाकरी थापलेल्या, कितीक रात्रींची झोप डोळ्यात चुरचुरत होती. घरी आला तो पाय ओढतच.

केवळाबाईची रीत त्याला पाठ होती. कोळसा अंगणात पेटवायची. वर पांढरी राख धरेपर्यंत शेगडी आत आणायची नाही. ऊद चिमूटभर, खिडकी उघडी. धुरी झाली की पदरानं दोन्ही कड्या धरून शेगडी लगेच बाहेर. निखाऱ्यापाशी झोपू नये, असं ती पुनमला लहानपणापासून बजावायची.

पण थंडी कडक होती आणि माणूस थकला होता. त्यानं कोळसा खोलीतच पेटवला. लेकराला वारं लागेल म्हणून दार लोटून घेतलं, खिडकी लावली, फटीत केवळाबाईची जुनी हिरवी इरकल साडी कोंबली. धुरी दिली. शेगडी नेऊ, जरा पाठ टेकून नेऊ, असं म्हणत उंबऱ्यापाशी आडवा झाला.

जाग आली ती डोकं ठणकून.

काळोख. शेगडीत लाल निखारे. लेकरू मघाशी कुरकुरत होतं... आता आवाज नव्हता.

काय चुकलं ते त्याला तिथंच कळलं, कोंडलेल्या खोलीत कोळशाचा विषारी वायू भरला होता. उठायला गेला, पाय उठेनात. हाक मारायला गेला.

"पुनम..."

ओठातल्या ओठात. आपल्या हातानं लेक घालवली, एवढंच त्याच्या मनात होतं.

मग निखारे हलले.

जमिनीवरून उठले. कंबरेएवढे वर आले. धरणारं कुणी दिसेना. हळूहळू त्याच्याकडं आले... गालाला धग लागली... दार उघडलं... उंबरा ओलांडून बाहेर गेले.

खिडकी करकरली. गार वारं आत आलं.

लेकरू रडलं.

त्याच्या उशाशी कुणीतरी थांबलं. बराच वेळ... मग आवाज आला. ओळखीचा. दमलेला.

"तुम्ही लई दमलाव. झोपा आता."

उजाडलं तेव्हा लेकरू दूध पीत होतं. शेगडी अंगणात, केवळाबाई ठेवायची त्याच फरशीवर. आतली राख गार.

त्यानं पुनमला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच नेली असंल की. मला कूसबी वळता येत न्हाई."

रामकिशननं आपले तळवे पाहिले. तापलेल्या कड्या उघड्या हातानं धरल्या असत्या तर कातडं निघालं असतं. तळवे जसेच्या तसे. लेकीसमोर तो रडला, लाजला नाही.

तुम्ही म्हणाल, झोपेत त्यानंच काहीतरी कापड धरून नेली असेल. म्हणा. त्यालाही तसंच मानायचं होतं, म्हणून तो खिडकीपाशी गेला.

फटीत कोंबलेली इरकल आता खिडकीत होती. नीट घडी घातलेली. त्यानं घडी उलगडली. पदराच्या दोन्ही टोकांना करपलेले डाग होते, शेगडीच्या कड्यांएवढे. त्यानं डागावर बोट ठेवलं.

राख कधीच गार झाली होती. पदर अजून गरम होता.