कडी नसलेला खडक

पुढे.

बाबांना आणि दादाला शोधायचं, एवढं एकच ठरवून दोघं निघाले होते. एक धाकटा, बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. दुसरी त्याची वहिनी. खडकांवरचे दिवे सांभाळणं हे बाबांचं आणि दादाचं काम. परवा दोघं फेरीला गेले आणि काल नुसती बोट सापडली, खाडीच्या तोंडाशी, चिखलात रुतलेली. टाकी कोरडी. बंदरातल्यांनी खाडी पिंजून काढली आणि शेवटी माना खाली घातल्या.

"खाडीत नाहीत ना? मग खडकांवर बघू. एकेक दिवा बघत जाऊ," वहिनी म्हणाली.

संध्याकाळी उधाणाची भरती होती. उधाणात शेवटचा खडक पार बुडतो, हे दोघांनाही माहीत होतं.

मोकळी बोट तीच होती. चिखलातून काढून, टाकी भरून तीच घेतली. धुकं इतकं दाट, की पुढे बसलेल्या वहिनीची पाठही राखाडी दिसत होती. बाजूने जातानाच पहिला खडक रिकामा दिसला. दुसराही. तिसरा एकदम समोर आला!

धाकट्याने गिअरची दांडी मधे आणली. बोट थांबेना! पुन्हा पुढे-मागे केली. पाण्यातला पंखा फिरतच राहिला!

"भाऊजी, खडक!"

त्याने इंजिनच बंद केलं. धाड! फळी करकरली, पण फुटली नाही. वहिनीने झेप घेऊन खडकातली लोखंडी कडी पकडली.

न्यूट्रल.

"झालं काय?"

"दांडी न्यूट्रलला आहे आणि गिअर पुढेच अडकलाय." त्याने इंजिनचं झाकण उचललं. "तुम्ही दांडी हलवा बघू."

तिने हलवली. केबलचं टोक सरकलं, पण गिअरचा खटका जागचा हलला नाही. धाकटा वाकला. जिथे पिन असायला हवी, तिथे तांब्याची तार गुंडाळलेली होती. ताणून सैल झालेली.

"बाबा!" तो चिडून म्हणाला. "किती वेळा सांगितलं, पिन माग, मी देतो!"

"माझ्या लग्नात चप्पल तुटली, तर त्यांनी तीही तारेनेच शिवली होती," वहिनी म्हणाली. हसली. हसू तोंडावरच विझलं.

"म्हणजे दांडी न्यूट्रलला टाकून ते उतरले असतील तर..." तिने विचारलं.

"बोट त्यांना टाकून निघून गेली." धाकट्याने तार ओढून काढली. "एकटीच फिरत राहिली, तेल संपेपर्यंत. म्हणून टाकी कोरडी! खाडीत कुणी पडलंच नाही, वहिनी."

"पण बोट बांधल्याशिवाय ते उतरतील कशाला?"

तिचा हात अजून कडीवर होता. तिने कडीकडे पाहिलं. त्यानेही.

शेवटच्या खडकावर कडी नाही.

पिनही नव्हती. धाकटा झाकण उघडं ठेवून इंजिनपाशी बसला आणि गिअरचा खटका त्याने हातात धरला. सुकाणू वहिनीकडे. ती बघणार, ओरडणार; तो ओढणार. पाणी चढत होतं. लाटा आडव्या येत होत्या, उघड्या इंजिनवर तुषार उडत होते. एक मोठी लाट आली तर इंजिन बंद! मग बेपत्ता दोघांत आणखी दोघांची भर.

"दिवा दिसतोय! हळू! न्यूट्रल!"

त्याने खटका दाबला. पंखा थांबला.

मागे.

खडकाचा माथा तेवढा उरला होता. दिव्याच्या खांबाला मिठी मारून एक माणूस उभा होता, गुडघ्याएवढ्या पाण्यात. दादा! वहिनीने दोर फेकला. तो त्याला धरताच येईना. मग तिने सुकाणू सोडलं, वाकून त्याची कॉलर धरली आणि खेचलं. तो बोटीत कोसळला.

त्याच्या अंगावर दोन कोट होते. एक त्याचा. एक बाबांचा.

धाकट्याने खांबामागे पाहिलं.

"परवाच बाबा बोटीमागे पोहत गेले," दादा कुडकुडत म्हणाला. "म्हणाले, कोट धर, आलोच."

धुक्यात कुठेच काही नव्हतं. धाकट्याने एकदा हाक मारली. पुन्हा मारली. लाट आली, खडक गेला, खांबावरचा दिवा तेवढा पाण्यावर राहिला. बोटीचं नाक खांबाला घासू लागलं.

"भाऊजी," वहिनी म्हणाली. तिने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "यांचं अंग बर्फ झालंय. गिअर मागे टाका."

त्याने समुद्राकडे पाहिलं. मग खटका ओढला.

गिअर पटकन पडला.