काठीची जीप

जीप घेतली त्या दिवशी तिच्या बोनेटखाली एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. विकणाऱ्या रायसिंगने कोंबडी बगलेत मारली, अंडी टोपीत घेतली आणि इंजिन फिरवायचं हँडल हेमकांतभाऊंच्या हातात देऊन तो मोकळा झाला. चपट्या नाकाची, गोल डोळ्यांची ती जुनी जीप एके काळी तळोद्याहून डोंगरातल्या काठी गावापर्यंत माणसं वाहायची. भाऊंचा जीव बघताक्षणीच तिच्यावर जडला.

भाऊ म्हणजे तापीकाठचे केळीवाले. देवाला हात जोडतानासुद्धा मूर्ती सरळ बसली आहे ना, हे आधी बघून घेणारे. वैशाखात त्यांच्या एकुलत्या एक हेमांगीचं लग्न होतं. सासरी जायचं तर अशाच जुन्या जीपमधून, आणि चालवणार नवरदेव, असा तिचा हट्ट. भाऊंनी व्याह्यांना शब्द दिला होता. तापीबाई, म्हणजे हेमांगीची आई, एवढंच म्हणाली की गाडी दिसायला कशी का असेना, पोरगी सुखरूप पोहोचली पाहिजे. त्या दिवसापासून भाऊंना दुसरं काही सुचेना.

तळोद्याच्या स्टँडमागे प्रेमचंद मिस्तरीचं गॅरेज. त्याने टाकीत खडी घालून हलवून गंज काढला, ब्रेकचे रबर बदलले, कार्बोरेटर धुतला, तळाचा कुजलेला पत्रा कापून नवा जोडला. मागच्या स्प्रिंगच्या कमानी पार बसलेल्या होत्या. त्याने नवे पाटे घातले. संध्याकाळी जीप शेपूट वर केलेल्या वासरासारखी ताठ उभी राहिली. सकाळी शटर उघडलं तर मागून पुन्हा बसलेली.

प्रेमचंदने पाटे विकणाऱ्याच्या आईबापाचा उद्धार केला आणि ट्रकचे पाटे आणून घातले. दुसऱ्या सकाळी तेही दबलेले. चाकांत हवा होती, पाटे शाबूत होते. माणसं ठासून भरल्यावर दिसते तशी ती रिकामी गाडी दिसत होती, इतकंच.

इंजिन मात्र गोड वाजायचं. हँडलच्या एका झटक्यात सुरू. पण गिअर टाकला की बंद. क्लच उतरवला, गिअरबॉक्स उघडून पाहिला, सगळं जागच्या जागी. लग्न जवळ येत चाललं. भाऊ रोज गावाहून येऊन स्टुलावर बसायचे आणि प्रेमचंद त्यांना रोज नवं कारण द्यायचा. शेवटी त्याची कारणंही संपली.

तळोद्याचा बाजार भरला होता त्या दिवशी डोंगरातली माणसं स्टँडवर दाटली होती. डोंगराच्या जीपचा एक रिवाज आहे. भरल्याशिवाय ती हलत नाही, मग तुम्ही कलेक्टर का असेनात. प्रेमचंदला चेष्टा सुचली.

"भाऊ, हाई काठीनी गाडी शे. भरल्याबिगर कशी चालनार?"

तो फूटबोर्डवर चढला आणि खऱ्या जीपवाल्यासारखा गळा काढून ओरडला. मोलगी, काठी, मोलगी, काठी! भाऊसुद्धा हसले. टोपली घेतलेली कालीबाई नावाची एक म्हातारी जवळ आली, मागे वाकून पाहिलं, सोबतिणीला आपल्या बोलीत काहीतरी सांगितलं आणि पलीकडच्या जीपकडे निघून गेली.

भाऊंनी विचारलं, काय म्हणाली?

प्रेमचंद खाली उतरला. "ती म्हनस, जागा नही."

इंजिन चालूच होतं; भाऊंनी चाकामागे बसून गिअर टाकला. जीप निघाली.

पुढे ती रोज निघायची. भाऊंनी मनाशी कारण लावून टाकलं की क्लच नवा होता, बसायला वेळ लागला. पण गाडी हातात जड लागायची. ब्रेक दाबला की उशिरा थांबायची. वळणावर कलायची, आणि कललेली सरळ व्हायला वेळ घ्यायची, जशी माणसं एकमेकांवर रेलून मग सावरतात. मागून घामाचा, मोहाच्या फुलांचा आणि ओल्या टोपल्यांचा वास यायचा. सीटच्या नव्या रेक्झिनला असाच वास येतो, असं भाऊंनी तापीबाईला सांगितलं. ती मात्र त्या जीपमध्ये एकदाही बसली नाही.

मग एकदा अक्कलकुव्याच्या रस्त्यावर मागच्या पत्र्यावर थाप पडली. दोनदा, तळहाताने. उतरायचं असलं की प्रवासी अशीच मारतात. भाऊंचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी थांबली. मागे कोणी नव्हतं. फक्त कमान करकरली आणि मागची बाजू किंचित वर आली.

भाऊ बराच वेळ आरशात बघत राहिले. मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भीतीबिती मागे राहिली. ओझं कसं उतरवायचं ते कळलं होतं, आणि पोरीला या ओझ्यासकट पाठवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी करून त्यांनी जीप मोलगीच्या घाटाला लावली. ऊन चढलं होतं, डोंगर वाळून तांबडे झाले होते. पहिल्या वळणाला थाप पडली. थांबले. पुढे पाड्याच्या वाटेशी पडली. थांबले. कोणी नाल्याशी उतरलं, कोणी जिथे घर ना झाड अशा उघड्या माळावर. दर वेळी मागची बाजू थोडी उचलायची आणि इंजिनाचा आवाज मोकळा व्हायचा. भाऊ घाईही करत नव्हते आणि मागेही बघत नव्हते. उतरणाऱ्याला उतरू द्यावं.

काठीला शेवटची थाप पडली. कमान करकरली आणि जीप ताठ उभी राहिली.

आता भाऊ तापीकाठचा माणूस. घरात लग्न असताना दारावरून गेलेल्या परक्यालासुद्धा तोंडी आमंत्रण दिल्याशिवाय सोडायचं नाही, अशी त्या मुलखाची रीत. गाडीतून उतरणाऱ्याला तसंच जाऊ देणं त्यांच्या जिभेला जमलं नाही. हलक्या मनाने ते रिकाम्या बाकाकडे वळून बोलून गेले,

"मन्ही पोरनं लगीन शे. या बरं."

येताना जीप सायकलसारखी पळाली.

लग्न झकास झालं. पाठवणीच्या वेळी मावश्यांनी पाठराखीण म्हणून कोणीतरी सोबत जावं असा आग्रह धरला. हेमांगी हसून म्हणाली, हे जुनं झालं, आम्ही दोघंच जातो. नवरदेवाने हँडल मारलं, गिअर टाकला, गाडी पहिल्याच झटक्याला निघाली. तापीबाईने डोळे पुसले. भाऊंनी कमानींकडे पाहिलं. ताठ होत्या.

ऊन उतरायच्या आत हेमांगीचा फोन आला. सुखरूप पोहोचलो, गाडी मस्त चालली. भाऊंनी डोळे मिटून हुश्श केलं. मग ती लाडाने रागावली. नको नको म्हणत असताना पाठराखीण पाठवलीच ना तुम्ही? दारात गाडी थांबली तेव्हा मागून एक म्हातारी उतरली. सासूबाईंनी तिचे पाय धुतले. पाणी घेत नाही, जेवत नाही, बोलत नाही.

"कोनी आजी शे पप्पा ती? आपली वळखनी?"

भाऊंनी विचारलं, आता कुठे आहे?

ओसरीत, हेमांगी म्हणाली. खाटेवर. अगदी कडेला सरकून बसली आहे आणि मघापासून शेजारची जागा हाताने थोपटते आहे. सगळे म्हणतात, नवरीला बोलावते आहे.

"बठू नको," भाऊ म्हणाले. "हेमा, तू तठे बठू नको."

पलीकडे खाट करकरली.

"बठनू बी, पप्पा," हेमांगी म्हणाली. "आते ती म्हनस, गाडी भरनी."