खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह

दार लावा. मध्ये बोलायचं नाही. जिरगल माझ्या भावाची सून. खोटं बोलणारी नव्हे.

गेल्या जानेवारीतला शेवटचा गुरुवार. आमच्या नारीन शहरातली नदी गोठून पांढरी झालेली. जिरगल रात्री बॉयलरघरात गेली ती संगणकातल्या एका फाईलची चालण्याची परवानगी काढून घ्यायला. तिच्या आधी संगणक सांभाळणाऱ्या इशेनबेकनं ती कोळसा वाचवायला लिहिली होती. चालवली की खालच्या गल्लीचं गरम पाणी बंद. इशेनबेक त्याआधीच्या पानगळीत वारला. मागून त्या गल्लीत प्रसूतिगृह आलं. तरी व्हॉल्व्ह रोज रात्री बंद होत होता. नळ गोठले असते तर बाळं गारठली असती.

तिचा संशय भट्टीवाल्या मुकाशवर. थोरल्या माणसाला आमच्यात बाइके म्हणतात.

"मुकाश बाइके, वाचलेला कोळसा विकता की काय?"

"विकला असता तर हे फाटके बूट घातले असते का, पोरी?"

"मग फाईल चालवतं कोण?"

तो फावडं मारत राहिला.

तिनं फाईल उघडून वाचली. दोनच ओळी, व्हॉल्व्ह बंद करण्याच्या. परवानगी काढून घेतली. आता कुणी नाव घेऊन बोलावलं तरी ती चालायची नाही. जिरगलनं चहा ओतला.

काळ्या पडद्यावर एक टिंब उमटलं.

मग तिरकी रेघ. फाईल चालवायची ती तशीच.

मग नाव... एकेक अक्षर. एका बोटानं टाइप करावं तसं.

"बाइके, तुम्ही...?"

मुकाश दारात उभा. दोन्ही हातांत फावडं.

पडद्यावर उत्तर आलं. परवानगी नाही.



तिनं कीबोर्डची वायर उपटली.

अक्षरं थांबली नाहीत. परवानगी परत देणारी ओळ आली. मग टिंब. तिरकी रेघ...

खाली व्हॉल्व्ह कण्हला.

"चल!" मुकाश ओरडला.

दोघं खाली धावून व्हॉल्व्हच्या चाकाला लोंबकळले. चाक उलटं ओढत होतं.

"रोज एकटाच उघडतो मी," मुकाश धापा टाकत म्हणाला. "सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, म्हातारा प्यायलाय."

"म्हणालेच असते."

चाक हातातून सुटायला लागलं. तेव्हा ती अंधारात ओरडली, "इशेनबेक बाइके! तिथं आता बाळं आहेत!"

...

चाक सैल पडलं.

उजाडल्यावर तिनं पडदा पाहिला. फाईल जागेवर होती. चालण्याची परवानगीही होती.

आत एक अक्षर नव्हतं.