टाकी भरलेली आहे काय?

मे महिन्यातली अकोल्यातली दुपार. पारा सत्तेचाळीसवर टेकला होता आणि भारनियंत्रण केंद्रात बसून सुवर्णा इंगोले चाळीस हजार उभ्या गाड्यांच्या जिवावर शहर चालवत होती. घरोघरी प्लगला लावून ठेवलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्यांतून वीज उलटी जाळ्यात ओढायची, तिचं नाव परतवीज. शहरातले निम्मे कूलर तिच्यावरच गरगरत होते.

नुसत्या विजेच्या गाडीत निम्मी बॅटरी राखायची, असा नियम होता. जोडगाडी मात्र बॅटरीवरही चालते आणि पेट्रोलवरही. म्हणून तिची बॅटरी शून्यापर्यंत उपसली तरी चालेल. हे कलम सुवर्णानंच लिहिलं होतं आणि समितीनं तिची पाठही थोपटली होती. टाकीत पेट्रोल असल्याचं मालकानं दरवर्षी अर्जात लिहून दिलं, की झालं काम.

सव्वाचारला पातूरकडच्या गावाहून भावाचा, गजाननचा फोन आला. त्याच्या बायकोला, सुनंदाला नववा महिना होता.

"ताई, सुनंदाच्या कळा सुरू झाल्या. अन् गाडी शून्य दाखवून राहिली."

"मग पेट्रोलवर काढ ना."

"पेट्रोल कुठं हाय? पंप बंद होऊन दोन वर्षं झाली. गावात साऱ्या जोडगाड्याच, त्याबी शून्यावर. ॲम्ब्युलन्सले दीड तास लागन म्हणतात. नर्सबाई म्हणते मूल आडवं हाय, लवकर हलवा."

भावाचा अर्ज दिवाळीला तिनंच भरला होता. टाकी भरलेली आहे काय? होय. झाकण उघडून बघायला अंगणात कोण जातं? साऱ्या जोडगाड्यांच्या अर्जांवर असंच 'होय' असणार, हे तिला आत्ता, फोन कानाला धरून उमगलं. तिला स्वतःची शरम वाटली.

एकट्या गाडीला वीज सोडायची सोय यंत्रणेत नव्हती. वशिलेबाजी नको म्हणून तीही तिनंच काढून टाकली होती. सोडायची तर अख्ख्या पातूर तालुक्याला, अकराशे गाड्यांना.

"प्लग काढू नको. वीस मिनिटं धीर धर," ती गजाननला म्हणाली.

तेवढी वीज दुसरीकडून तोडावी लागणार होती. शेजारी बसलेल्या सहायक ताथोडांनी न विचारताच पडद्यावर जुनं शहर उघडलं. इस्पितळं वगळता तोडण्याजोगं तेवढंच उरलं होतं.

सुवर्णाचं बोट बटणाजवळ थांबलं.

"ताथोड, कूलर बंद पडला तर म्हातारं माणूस या उन्हात किती वेळ तग धरतं?"

ताथोडांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझी माय तिथंच राहते, मॅडम. तिला आधी फोन करू का?"