तिसरा डिपर

काम साधंच होतं. गाडीचा डावा हेडलाइट बंद पडला होता आणि त्यात बल्ब बसवायचा होता. एवढ्यासाठीच सोनू भर दुपारी कर्वेनगरातल्या महिपतीच्या दुकानासमोर गाडी लावून उभा होता. डोळ्यांत झोप चुरचुरत होती. सकाळची पाळी झाली होती, संध्याकाळची बाकी होती. मोठा भाऊ गेल्यापासून त्याच्या वाटची पाळीही सोनूच करत होता. हिंजवडीच्या कंपनीतली माणसं सकाळी नेऊन सोडायची आणि संध्याकाळी परत आणायची. गाडी तीच, रस्ता तोच, फक्त चालवणारा बदलला होता.

खरं म्हणजे बल्ब विकत घ्यायची गरजच नव्हती. नवा कोरा बल्ब गाडीतच पडला होता, पुढच्या कप्प्यात, दादाच्या रुमालात गुंडाळलेला.

तो बल्ब तिथे कसा आला, हे आधी सांगायला हवं.

दादा, म्हणजे तेजस, माण गावाकडून नांद्याला उतरणाऱ्या मागच्या रस्त्याने घरी येत होता. वळणाच्या अलीकडे डावा दिवा गेला. दादा एका दिव्यावर गाडी हाकणारा माणूस नव्हता. त्याने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि नवा बल्ब रुमालात धरून दिव्यापाशी वाकला. या बल्बच्या काचेला बोट लावायचं नसतं. हाताचं तेल लागलं की काच तापून तडकते, म्हणून तो नेहमी रुमाल घ्यायचा. तेवढ्यात एका बाजूने टेम्पो आला आणि त्याच्या समोरून पांढऱ्याफटक दिव्यांची एक गाडी. "मला पांढऱ्याशिवाय काही दिसलंच नाही हो," एवढंच टेम्पोवाला रडत रडत सांगत राहिला. पांढऱ्या दिव्यांची गाडी थांबलीही नाही. तिला बहुधा कळलंही नसेल.

दादा जागीच गेला. बल्ब मात्र शाबूत राहिला. रुमालाला डाग पडला होता, आतल्या काचेवर ओरखडासुद्धा नव्हता.

दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. कावळे समोरच्या झाडावर बसले होते, बघत होते, खाली उतरत नव्हते. आईने सांगितलं, राधाला मी लेकीसारखी सांभाळीन. मामांनी सांगितलं, मी घराकडे लक्ष देईन. राधावहिनी, दादाची बायको, नुसती झाडाकडे बघत राहिली. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले. शेवटी सोनूचं डोकं फिरलं. तो पिंडाकडे बघून ओरडला, "दादा, तुझा तो बल्ब मी बसवतो! झालं? जा आता, दमलोय आम्ही सगळे!"

शब्द संपायच्या आत कावळा खाली आला.

हे सगळं सोनूला आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच तो चिडला होता. तो रुमाल उलगडायचा म्हणजे डाग बघायचा. ते त्याच्याने होईना. आणि दुसरंही एक होतं. रोज संध्याकाळी समोरून येणारे ते पांढरे दिवे डोळ्यांत सुया टोचायचे, आणि प्रत्येक गाडी त्याला तीच वाटायची.

"एलईडी टाक," तो महिपतीला म्हणाला. "दोन्हीकडे. सगळ्यात पांढरे."

महिपतीने पान गालात सरकवलं. "तुझ्या गाडीचा दिवा पिवळ्या बल्बसाठी केलाय रे. त्यात हे टाकलं की उजेड कुठंही फाकतो. डिपर खाली केलास तरी समोरच्याच्या डोळ्यातच."

"फाकू दे."

"लावतो बाबा, माझं काय जातं? तुला रस्ता दिसेल, समोरच्याला देव दिसेल."

"लाव म्हटलं ना!"

महिपतीने बॉनेट उघडलं. उजवीकडचा जुना, चालू बल्ब त्याने काढून नव्याच्या खोक्यात घातला आणि खोकं कप्प्यात टाकलं, रुमालाच्या शेजारी.

पहिल्या संध्याकाळी सोनूला बरं वाटलं, खोटं कशाला सांगायचं! समोरचे लोक हात आडवे धरत होते, शिव्या देत होते, हॉर्न बडवत होते. घ्या, तो मनात म्हणत होता, घ्या तुम्हीपण. पण माणच्या पुढे रहदारी विरळ झाली तसा उजेड विचित्र दिसायला लागला. रस्त्यावरची थंडीतली धूळ त्या पांढऱ्या झोतात पेटल्यासारखी झाली आणि पुढे भिंत उभी राहिली. जवळचं सगळं लख्ख, भिंतीपलीकडचं काहीच दिसेना.

त्याच भिंतीत, वळणापाशी, एक पिवळा दिवा दिसला.

एकच. मोटारसायकल असेल, असं त्याला वाटलं. दिव्याने डिपर दिला. दोनदा. सोनूने मुद्दाम अप्पर मारला. पिवळा दिवा विझला. सोनू वळण ओलांडून पुढे गेला, तरी समोरून कोणीच आलं नाही. उसाच्या रसाचं बंद गुऱ्हाळ, एक सुकलेला पिंपरणीचा बुंधा, बस्स. काचा बंद असूनही गाडीत जळक्या धुळीचा वास आला, नवा बल्ब पहिल्यांदा तापतो तेव्हा येतो तसा.

दुसऱ्या संध्याकाळीही तसंच झालं. दिवा एक, डिपर दोन. घरी जाऊन तो न जेवताच आडवा झाला. राधावहिनीने ताट झाकून ठेवलं आणि दारातूनच विचारलं, "भावजी, बसवला का बल्ब?"

"बसवला."

"त्यांचाच ना?"

सोनूने भिंतीकडे तोंड केलं. "झोपू दे ना वहिनी... अंगात त्राण नाहीये."

तिसऱ्या संध्याकाळी गाडीत शेवटची सवारी उरली होती ती स्पृहा, कर्वेनगरलाच उतरणारी. तीही दिवसभराची दमलेली होती. काचेला डोकं टेकून बसली होती. अंधार चांगलाच दाटला होता.

"दादा," ती एकदम म्हणाली.

सोनू दचकला. कंपनीतल्या मुली सगळ्याच ड्रायव्हरांना दादा म्हणतात, त्यात नवीन काही नाही. पण दादा म्हटलं की त्याला अजून मागे वळून बघावंसं वाटायचं.

"काय?"

"तो समोरचा केव्हापासून डिपर मागतोय तुम्हाला. द्या ना. तुमचे लाइट खूप हार्श आहेत, खरंच."

म्हणजे तिलाही दिसत होता.

पांढऱ्या भिंतीत, रस्त्याच्या उजव्या कडेला, तो पिवळा दिवा. आज हलत नव्हता. मिटला, लागला. मिटला, लागला. मग थांबला. मग पुन्हा दोनदा.

ही लय त्याला पाठ होती. गाडी शिकवताना दादाने हेच शिकवलं होतं. "समोरच्याला दोनदा डिपर द्यायचा. दोनदा म्हणजे, बाबा रे, मी इथं आहे, लाइट खाली घे. त्याने घेतला की एकदा. ते आभार. मग आपण सुटलो, तो सुटला." सोनू हसायचा, "कोण देतं रे आभार?" दादा म्हणायचा, "मी देतो."

"दादा, काय झालं? गाडी स्लो का केली?"

"दोनच देतोय..." सोनू पुटपुटला.

पिवळा दिवा आता घाईने मिटत होता. दोनदा. दोनदा. दोनदा. सोनूने डिपर खाली ओढला, पांढरी भिंत होती तशीच राहिली. त्याने पुन्हा ओढला. काही फरक नाही. खाली घ्यायला त्या दिव्यांत खालीच नव्हतं. आणि मग, राग आला की भीती वाटली कोण जाणे, त्याने करकचून ब्रेक दाबला आणि हेडलाइट सरळ बंदच करून टाकले.

काळोख झाला.

त्या काळोखात आधी हॉर्न ऐकू आला, मग टायरांची किंकाळी. वळणावरून टेम्पो आला होता. त्याच्या उजेडात सोनूला ते दिसलं, जे त्याच्या स्वतःच्या उजेडात दिसलं नव्हतं. टेम्पोच्या वाटेतच, कडेला, एक गाडी उभी होती. बॉनेट उघडं होतं आणि एक माणूस दिव्यापाशी वाकला होता.

टेम्पो वाकडा झाला, हेलकावला, त्या माणसाच्या सदऱ्याला वारा घालून पुढे गेला आणि घसटत थांबला. शिव्या ऐकू आल्या. मग तोही निघून गेला.

सोनू उतरला. माणूस बॉनेटला धरून उभा होता. पन्नाशीचा, चष्मा हातात.

"वाचलो," तो म्हणाला. "तुम्ही लाइट मारलेत ना बंद, तेव्हा त्याला मी दिसलो बहुतेक. नाहीतर... माझी बायको गावात मेकॅनिक बघायला गेलीय हो. तिला काय दिसलं असतं इथं येऊन..."

"तुम्ही डिपर देत होता ना?" सोनूने विचारलं. "एका लाइटने... दोनदा..."

माणसाने त्याच्याकडे बघितलं. "कशाने देणार? बॅटरी पार उतरलीय. अर्धा तास झाला, काळ्या अंधारात उभाय मी."

स्पृहा मागे येऊन उभी होती. तिने ओढणी गळ्याभोवती घट्ट ओढून घेतली.

तो माणूस दादा गेला त्याच वळणापाशी उभा होता. समोर रसाचं गुऱ्हाळ, शेजारी पिंपरणीचा बुंधा. पांढऱ्या दिव्यांच्या गाडीच्या जागेवर या वेळी सोनू होता. हे त्याच्या डोक्यात हळूहळू उतरलं आणि तो रस्त्यावरच उकिडवा बसला. बराच वेळ बसला. मग उठून त्याने आपली गाडी रस्त्यापासून लांब, पार गुऱ्हाळाच्या आवारात नेली आणि बॉनेट उघडलं.

"जरा मोबाइलचा उजेड धरता?" तो स्पृहाला म्हणाला.

त्याने एलईडी उपसून काढले. उजवीकडे खोक्यातला जुना बल्ब बसवला. मग रुमाल उलगडला. डाग तपकिरी पडला होता. त्या रुमालातूनच त्याने बल्बचं पत्र्याचं बूड धरलं, काचेला बोट लागू दिलं नाही, आणि डावीकडे वाकून बसवला. वाकला तेव्हा मानेवर कुणाचा तरी श्वास लागला, दमलेल्या माणसाचा असतो तसा. त्याला वाटलं, स्पृहा असेल. पण तिचा उजेड समोरून येत होता.

दिवे लावले. दोन्ही लागले, मऊ, पिवळे. स्पृहाने नकळत हात जोडले, घरात संध्याकाळी दिवा लावला की जोडतात तसे. सोनूने वळणाकडे बघितलं. आता तरी एकदा मिटेल, आता तरी. तिथे काहीच नव्हतं.

घरी राधावहिनी खाली पार्किंगमध्येच उभी होती. "उशीर झाला म्हणून आले," ती म्हणाली आणि पुढचं बोलायची थांबली. गाडीचे दिवे समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पडले होते.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "बल्बला बोट तर नाही ना लावलंत?"

"नाही. शप्पथ."

"मग... हे काय आहे?"

उजव्या दिव्याचा उजेड स्वच्छ होता. डाव्याच्या उजेडात, भिंतीवर, माणसाएवढा मोठा अंगठ्याचा ठसा उमटला होता. रेषा न् रेषा दिसत होती, आणि मधोमध आडवी गेलेली चीर. लहानपणी विळीवर नारळ खवताना दादाचा अंगठा कापला होता. टाके पडले होते.

राधावहिनी भिंतीजवळ गेली. तिने त्या चिरेवर तळहात ठेवला. ठसा तिच्या हातावर पडला, गालावर पडला.

"गरम आहे," ती म्हणाली.

सोनूला ते बघवेना. त्याने दिवे बंद केले, किल्ली फिरवून काढली आणि मुठीत धरून बाहेर येऊन उभा राहिला. इंजिन टिकटिक करत थंड होत होतं. वर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

डावा दिवा लागला आणि मिटला.

पुन्हा लागला आणि मिटला.

दोघं श्वास रोखून उभे राहिले. राधावहिनीने त्याचा हात घट्ट धरला होता. बोटं बर्फासारखी होती, तळवा मात्र तापलेला.

"दोन झाले," सोनू कुजबुजला. "आता एक देईल... आभाराचा. मग सुटेल तो."

गाडी महिनाभर तिथेच उभी आहे. बॅटरीची वायरसुद्धा सोनूने काढून ठेवली आहे. दिवेलागणीला वहिनी खाली येते, त्याच्या शेजारी उभी राहते, आणि रोज भिंतीवर दोनदा उजेड पडतो.

तिसरा अजून आलेला नाही.